वाचकांचे प्रश्न : दोन बाटल्या आणि काळा उंदीर

मागच्या अंकात झोपेवरच्या एका उत्तरात मी ओझरतं लिहिलं होतं, की पाणी आणि दारू शेजारी-शेजारी ठेवली तर प्रयोगशाळेतल्या उंदरांचे काही वाण आपणहून दारूकडे जातात आणि काही वाण तिला तोंडही लावत नाहीत. झोपेबद्दल कुणी अवाक्षर विचारलं नाही. पत्रं आली ती सगळी उंदरांवर. तेव्हा या वेळचा स्तंभ त्यांचाच. निवृत्त होईपर्यंत माझी बरीच वर्षं प्राणिगृहात पिंजऱ्यांसमोर गेली, त्यामुळे खाली वाचलेलं आणि हाताने केलेलं यांची सरमिसळ होईल. चालवून घ्या.

प्रश्न : उंदराला दारू ‘आवडते’ असं तुम्ही कशावरून म्हणता? तहान लागली म्हणून प्यायला असेल. दारूत उष्मांक असतात, भुकेपोटी प्यायला असेल. मी शाळेत विज्ञान शिकवतो. वर्गात हे सांगितलं तर पहिला प्रश्न हाच येईल.

तुमची मुलं हुशार दिसतात. या विषयात काम करणाऱ्यांना हीच शंका साठ-पासष्ट वर्षं छळते आहे.

आधी पद्धत सांगते. पिंजऱ्याच्या जाळीत दोन बाटल्या उलट्या अडकवायच्या, एकीत साधं पाणी, दुसरीत दहा टक्के अल्कोहोल मिसळलेलं पाणी. बाटलीच्या तोंडाला धातूची नळी असते, ती चाटून उंदीर पितो. दुसऱ्या दिवशी बाटल्या काट्यावर ठेवायच्या. जेवढं वजन घटलं तेवढं तो प्यायला. बाटल्यांच्या जागा अधूनमधून बदलाव्या लागतात, कारण काही उंदीर भारी हेकट असतात. आत काहीही असो, ते डावीकडचंच पितात. शिवाय एका पिंजऱ्याला दोन्ही बाटल्या लावायच्या आणि आत उंदीर ठेवायचाच नाही. अल्कोहोल उडून जातं, नळी ठिबकते, पिंजरा सरकवताना थेंब सांडतात. ही घट या रिकाम्या पिंजऱ्यावरून कळते आणि हिशेबातून वजा करता येते. नव्या विद्यार्थ्यांना रिकाम्या पिंजऱ्याच्या बाटल्या रोज वजन करणं म्हणजे माझा विक्षिप्तपणा वाटे. त्या नोंदी नसतील तर मी त्यांची पुढची पानं वाचतच नसे.

पाणी तोंडाशी असतं, म्हणून तहानेचा मुद्दा लगेच निकालात निघतो. खाद्यही पिंजऱ्यात कायम असतं. १९५९ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये जेराल्ड मॅक्लर्न आणि डेव्हिड रॉजर्स यांनी उंदरांच्या अनेक वाणांपुढे अशा बाटल्या ठेवल्या. सी५७ ब्लॅक हा काळा उंदीर अल्कोहोलच्या बाटलीकडे वळला आणि तिथेच रमला. डीबीए हा फिकट तपकिरी उंदीर तिच्यापासून लांब राहिला. त्यानंतर कितीतरी प्रयोगशाळांनी हे करून पाहिलं. काळा उंदीर दिवसभरात जे पितो त्यातलं बहुधा निम्म्याहून बरंच जास्त दारूच्या बाटलीतलं असतं, डीबीएच्या बाबतीत ती बाटली जवळजवळ भरलेलीच राहते.

आता हे जन्मजात कशावरून? सलग वीस किंवा अधिक पिढ्या सख्ख्या भावा-बहिणींचा संकर केला, की एका वाणातले सगळे उंदीर जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ एकसारखे होतात, जणू एकाच वेळी जन्मलेली शेकडो जुळी. डीबीए हा अशा शुद्ध वाणांमधला सगळ्यात जुना. क्लॅरेन्स कुक लिटल यांनी तो १९०९ पासून तयार केला, आणि १९२१ मध्ये काळ्या उंदराचा वाणही त्यांनीच सुरू केला. एकाच खोलीत, एकाच खाद्यावर, एकसारख्या बाटल्यांपुढे दोन वाण पिढ्यान्‌पिढ्या वेगळे वागत असतील तर तो फरक वारशानेच आलेला असणार.

पण वारशाने नेमकं आलं काय? तुमच्या विद्यार्थ्यांनी इथे पकडायला हवं. काळा उंदीर दारूच पितो असं नाही, तो साखरेच्या आणि सॅकरिनच्या पाण्यावरही तुटून पडतो. सॅकरिनमध्ये उष्मांक नसतात, म्हणजे ही ओढ जिभेची. गोडाची जाण ठेवणाऱ्या रिसेप्टरचं, म्हणजे पेशीवरच्या संदेश टिपणाऱ्या प्रथिनाचं, एक जनुक, टीएएस१आर३, २००१ मध्ये उंदराच्या चौथ्या गुणसूत्रावर सापडलं. काळ्या उंदराकडे त्याचा तीक्ष्ण जाणिवेचा नमुना आहे, डीबीएकडे बोथट. हे जनुक निकामी केलेले उंदीर दारूही कमी पितात. म्हणजे ज्याला आपण मेंदूतली आवड समजत होतो तिचा एक मोठा हिस्सा तोंडातच होता.

यावर उपाय म्हणून ओरेगनमध्ये ख्रिस्टोफर कनिंगहॅम यांनी तोंड वगळलं. उंदराला दारू टोचायची आणि विशिष्ट पोताच्या फरशीवर सोडायचं. दुसऱ्या वेळी नुसतं मिठाचं पाणी टोचून वेगळ्या पोताच्या फरशीवर. असं आलटून-पालटून काही वेळा केल्यावर काहीच न टोचता त्याला दोन्ही फरशा मोकळ्या द्यायच्या आणि तो कुठे रेंगाळतो ते बघायचं. दारूशी जोडलेल्या फरशीवर हटकून रेंगाळला तो डीबीए! तोच, जो बाटलीला शिवत नव्हता. काळ्या उंदराची ओढ या चाचणीत मिळमिळीत निघाली. पुढे शिरेतून दारू मिळण्याची सोय केली तेव्हा डीबीएनेही ती स्वतःहून घेतली.

मी हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा फार खूश झाले होते, हे कबूल करायला हरकत नाही. डीबीएला दारूची चव-वास नकोसा आहे, पण ती आत गेल्यावर त्याच्या मेंदूत जे होतं ते त्याला हवं आहे. काळ्याचं निराळं. त्याला चव चालते, आणि दारू आत गेल्यावर फारशी खळबळ होत नाही, म्हणून तो पीत राहतो. म्हणून वर्गात ‘आवडते’ म्हणू नका. ‘पितो’ म्हणा, तेवढंच बाटली सांगते.

आणखी एक. चोवीस तास बाटली समोर असली तरी काळा उंदीर झिंगतो असं नाही. वजनाच्या मानाने तो भरपूर पितो, दर किलोला दिवसाला दहा ग्रॅम किंवा जास्तच, पण थोडं-थोडं पितो आणि उंदराचं यकृत माणसाच्या कितीतरी पट वेगाने दारू साफ करतं. त्याला खरोखर झिंगलेला पाहायचा तर दिवे मालवल्यानंतर तीनेक तासांनी, म्हणजे उंदीर सगळ्यात तरतरीत असतात तेव्हा, पाण्याची बाटली काढून वीस टक्क्यांची बाटली थोड्या तासांपुरती द्यायची. २००५ मध्ये ही रीत रूढ झाली. तेव्हा मात्र त्याच्या रक्तात दर शंभर मिलिलिटरला शंभर मिलिग्रॅमपर्यंत दारू चढते आणि फिरत्या दांड्यावर त्याचा तोल जातो. माणसांत ८० मिलिग्रॅमलाच अतिमद्यपान म्हणतात.

प्रश्न : ताई, माझे वडील दारूपायी गेले. मोठा भाऊ रोज पितो, पण त्याला चढत नाही. तो म्हणतो, ‘मला पचते, बाबांसारखं माझं होणार नाही.’ मला मात्र दोन घोटांत मळमळतं, म्हणून मी कधी घेत नाही. आई-वडील एकच, मग आमच्यात एवढा फरक कसा? आणि भाऊ म्हणतो ते खरं का? (नाव न छापण्याच्या अटीवर)

तुमच्या भावाला जे आश्वासन वाटतं आहे ते उलट धोक्याची खूण आहे. हे आधी सांगून टाकते, कारण पत्रातला खरा प्रश्न हाच आहे.

मार्क शुकिट या अमेरिकन डॉक्टरांनी विशीतल्या तरुणांना मोजून दारू दिली आणि ती कितपत चढते ते नोंदवलं. शरीराचं डोलणं मोजलं, रक्तातली संप्रेरकं मोजली, आणि त्यांना स्वतःला काय वाटतं तेही विचारलं. यातल्या अनेकांचे वडील व्यसनी होते. सुमारे दहा वर्षांनी त्याच लोकांना पुन्हा गाठलं. व्यसनी वडिलांच्या ज्या मुलांना विशीत दारू कमी चढली होती त्यांच्यातले ५६ टक्के स्वतः व्यसनात अडकले होते. ज्यांना ती लवकर चढली होती त्यांच्यातले १४ टक्के. १९९४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. कारण समजायला अवघड नाही. ज्याला तिसऱ्या पेल्यालाच चक्कर येते तो तिथे थांबतो. ज्याला येत नाही तो पाचवा भरतो, आणि मेंदू व यकृत यांच्यावर पाचही पेल्यांचा परिणाम होतो. काळ्या उंदराची हकिगत वर सांगितली, ती इथे आठवा.

तुमच्यातला फरक. प्रत्येक मुलाला आईकडून निम्मी आणि वडिलांकडून निम्मी जनुकं मिळतात, पण कुठली निम्मी हे दर वेळी नव्याने ठरतं. आणि दारूचं एकच एक जनुक नाही. जीभ आणि नाक झाले. मग यकृत. दारूचं आधी एका एन्झाइममुळे, म्हणजे रासायनिक बदल घडवणाऱ्या प्रथिनामुळे, अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, ते विषारी. मळमळ, धडधड, चेहरा लाल होणं हा त्याचा प्रताप. दुसरं एन्झाइम त्याचं रूपांतर निरुपद्रवी अ‍ॅसिटेटमध्ये करतं. हे दुसरं एन्झाइम पूर्व आशियातल्या असंख्य लोकांमध्ये जन्मतःच मंद असतं, आणि ज्यांना आई-वडील दोघांकडून मंद प्रत मिळते ते सहसा पितच नाहीत. डीबीए उंदराच्या रक्तातही दारू दिल्यावर काळ्यापेक्षा जास्त अ‍ॅसिटाल्डिहाइड साठतं. तुमची मळमळ नेमकी यामुळेच आहे की पोटामुळे की वडिलांच्या आठवणीमुळे, ते पत्रावरून मी सांगणार नाही.

मग मेंदू. दारूचा रेणू इवलासा, सगळीकडे शिरतो. गाबा हे मेंदूला शांत करणारं रसायन, त्याचं काम दारू वाढवते. ग्लुटामेट हे चेतवणारं, त्याच्या एका रिसेप्टरला ती दाबते. शरीराची स्वतःची अफूसारखी द्रव्यं, एंडॉर्फिन, ती सोडायला लावते. त्यांच्यामार्फत डोपामिन या ‘हे पुन्हा हवं’ असं वाटायला लावणाऱ्या रसायनाच्या पेशींवरचा लगाम सैल होतो आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या केंद्रात डोपामिन वाढतं. १९८८ मध्ये इटलीत दि किआरा आणि इंपेराटो यांनी जाग्या, हिंडत्या उंदरांच्या थोरल्या भावंडांत, म्हणजे रॅटमध्ये, हे प्रत्यक्ष मोजलं. यातली प्रत्येक पायरी वेगवेगळ्या जनुकांच्या हातात आहे. तुम्हाला एका पायरीवर वडिलांची प्रत मिळाली असेल, भावाला दुसऱ्या.

पिणं थांबवल्यावर काय होतं हेही वारशावर अवलंबून असतं. काही दिवस दारूची वाफ हुंगवून ती अचानक बंद केली, की डीबीए उंदराला शेपटीने हलकेच उचलून फिरवल्यावरही झटके येतात. काळ्याला फार थोडे. अनेक वाण तपासले तेव्हा असं दिसलं, की ज्यांना दारू सुटताना त्रास जास्त, ते मुळात पितात कमी. तुमच्या भावाने जर कधी सोडायचं ठरवलं आणि पिणं रोजचं व जास्त असेल, तर एका झटक्यात, स्वतःच्या मनाने बंद करू नये. माणसालाही झटके येतात, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडता येते आणि ते नीट होतं.

नशिबात लिहिलं आहे का, हे तुम्ही विचारलं नाही, पण पत्रात ते आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून व्यसनाच्या जोखमीतला साधारण निम्मा वाटा वारशाचा धरतात. डेन्मार्कमध्ये १९७३ साली दत्तक मुलांची पाहणी झाली. त्यात जन्मदात्यांपैकी कुणी व्यसनी असलेल्या मुलग्यांमध्ये, ते इतरांच्या घरी वाढूनही, व्यसनाचं प्रमाण सुमारे १८ टक्के होतं; बाकीच्या दत्तक मुलग्यांमध्ये ५. जवळजवळ चौपट, खरं आहे. पण १८ म्हणजे उरलेले ८२ अडकले नव्हते. भावाला हा आकडा दाखवा, आणि त्याआधी शुकिट यांचा.

प्रश्न : दारूचं जनुक शोधून ते काढून टाकता येणार नाही का? उंदरांमध्ये तर जनुकं सहज काढतात म्हणे.

काढतात. सहज हा शब्द सोडून बाकी बरोबर.

१९९८ मध्ये डोपामिनचा डी२ रिसेप्टर नसलेले उंदीर तयार केले, त्यांचं दारू पिणं लक्षणीय घटलं. २००० मध्ये अफूचा म्यू रिसेप्टर काढला, ते उंदीर दारूसाठी खटपटच करेनात. गांजाचं द्रव्य ज्या रिसेप्टरवर बसतं तो काढला, तरी पिणं कमी. न्यूरोपेप्टाइड वाय हे मेंदूतलं द्रव्य नसलेले उंदीर मात्र जास्त पितात आणि ते जादा असलेले कमी. यादी लांबते आहे आणि तिच्यातच तुमचं उत्तर आहे. डी२ रिसेप्टर हालचालींसाठी लागतो, म्यू रिसेप्टर वेदना सोसण्यासाठी. दारूपुरतं म्हणून काढता येईल असं त्यात काहीच नाही.

शिवाय एकाच जनुकावर जीव टाकू नये. १९९६ मध्ये सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा एक रिसेप्टर नसलेले उंदीर दुप्पट दारू पितात असा निकाल गाजला. नंतर इतर ठिकाणी तो तसा आला नाही. हे खोलीमुळे, हाताळणीमुळे घडू शकतं का, हे पाहायला जॉन क्रॅब, डग्लस वॉलस्टेन आणि ब्रूस ड्युडेक यांनी पोर्टलंड, एडमंटन आणि ऑल्बनी या तीन शहरांत तेच वाण, तीच उपकरणं, दिवे लागण्याची तीच वेळ ठेवून एकच चाचण्या केल्या. तरीही काही चाचण्यांचे निकाल शहरागणिक वेगळे आले. एडमंटनमधल्या एका संशोधकाला उंदरांची अ‍ॅलर्जी होती आणि तो तोंडावर श्वसनयंत्र लावून काम करी. उंदरांनी त्याची धास्ती घेतली असेल का, कोण जाणे. १९९९ च्या या प्रयोगात दारूची बाटली मात्र तिन्ही शहरांत जवळपास सारखीच रिकामी झाली. ज्या दोन बाटल्यांना मी वर एवढी नावं ठेवली त्या निदान भरवशाच्या आहेत.

काढून टाकण्यापेक्षा झाकणं सोपं. नाल्ट्रेक्सोन हे औषध अफूचे रिसेप्टर अडवतं. माकडांवर आणि रॅटवर ते दारू कमी करतं हे दिसल्यावर माणसांत चाचण्या झाल्या आणि १९९४ मध्ये अमेरिकेत त्याला व्यसनावरचं औषध म्हणून मान्यता मिळाली. काहींना ते चांगलं लागू पडतं, काहींना अजिबात नाही. कुणाला पडेल हे जनुकावरून ओळखू, अशी मोठी आशा होती. म्यू रिसेप्टरचा माणसातला एक विशिष्ट नमुना उंदरात बसवला तर दारूने त्याच्या मेंदूत सुमारे चौपट डोपामिन वाढलं, हे २०११ मध्ये दिसलं. तोच नमुना असलेल्या रुग्णांना औषध जास्त लागू पडेल असं सगळे धरून चालले. २०१५ मध्ये रुग्णांवर नीट चाचणी झाली, आणि तसं काही दिसलं नाही. उंदरात स्वच्छ दिसलेलं माणसात पुसट होतं, हे या क्षेत्रात वारंवार घडतं. तेव्हा ‘जनुक तपासून औषध ठरवतो’ असं सांगून कुणी पैसे मागत असेल तर जरा थांबा.

प्रश्न : बिचाऱ्या मुक्या प्राण्यांना दारू पाजताना तुम्हाला काही वाटत नव्हतं?

वाटत होतं. दोन बाटल्यांच्या प्रयोगात उंदीर पितो ते त्याच्या मर्जीने, पण झटक्यांच्या प्रयोगात तसं नाही, आणि ते प्रयोग करणाऱ्याने स्वतःला दर वेळी विचारायला हवं, की यातून जे कळेल ते आधीच कळलेलं तर नाही ना. प्राणी न वापरता भागेल का, कमी वापरता येतील का, यातना कमी करता येतील का, हे तीन प्रश्न विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्येच मांडले. नैतिकता समित्या आता ते लेखी विचारतात. त्या नकार देतात तेव्हा मला बरं वाटतं, अगदी माझ्या प्रस्तावालासुद्धा.

प्रश्न : मी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे. नर उंदीर जास्त पितात की मादी?

वजनाच्या मानाने मादी, काळ्या वाणात तर ठळकपणे. माणसांतल्या आकड्यांच्या उलट आहे हे, पण माणसांत बायकांच्या पिण्यावर समाजाचा पहारा असतो, पिंजऱ्यात तो नाही. १९९६ मध्ये काळा आणि डीबीए यांच्या संकरातून दारू पिण्याशी जोडलेल्या दोन जागा सापडल्या. दुसऱ्या गुणसूत्रावरच्या जागेचा परिणाम फक्त नरांत दिसला, अकराव्यावरच्या जागेचा फक्त माद्यांत. नर आणि माद्या एकत्र मोजल्या असत्या तर दोन्ही जागा पुसट दिसल्या असत्या. जुन्या निबंधांत कित्येकदा फक्त नरच वापरलेले आढळतील, संदर्भ घेताना ते आधी तपासा.